किन्नूचं कलम पाल्याने जळलं, खालून तीनपानी फुटवा आलाय, ठेवू का काढू?

लष्करची_काकू:
नमस्कार मंडळी, आम्ही ग्वाल्हेरला लष्करात राहतो, मागच्या अंगणात किन्नूचं (संत्र्यासारखंच एक फळ) कलम होतं चार वर्षांचं, भाच्याने अबोहरहून आणलेलं, यंदा पहिल्यांदाच नऊ फळं धरली होती. जानेवारीत लागोपाठ दोन रात्री पाला पडला (दहिवर गोठतं त्याला इकडे पालाच म्हणतात) आणि सकाळी बघते तर पानं उकडलेल्या पालकासारखी लुळी, चार दिवसांत काळी पडली. फार जीव लागला होता हो त्या झाडावर. आता होळीच्या तोंडावर बुंध्याशी अगदी जमिनीलगत हिरवागार फुटवा आलाय, पण पान बेलासारखं तीन दळांचं आणि काटा बोटभर लांब! किन्नूला तर एकेकच पान असतं ना? हे काय उगवलंय?

खुंट_आणि_डोळा:
काकू, तो तुमच्या कलमाचा खुंट आहे, म्हणजे ज्या मुळावाल्या रोपावर किन्नू बांधलंय ते. आपल्याकडे बहुतेक जंबेरीचा (एक खरबरीत लिंबू) खुंट असतो पण हल्ली काही नर्सऱ्या किन्नूला करिझो वापरतात, तोच असणार. करिझो म्हणजे संत्र्याचा आणि चीनमधल्या तीनपानी जंगली संत्र्याचा संकर. हा जंगली भाऊबंद हिवाळ्यात पानं गाळून झोपून जातो आणि शून्याखाली २० अंशांपर्यंत तग धरतो. १८९४-९५ च्या थंडीत फ्लोरिडातल्या संत्र्याच्या बागा साफ गेल्या, त्यानंतर १८९७ मध्ये स्विंगल नावाच्या शास्त्रज्ञाने अमेरिकन सरकारच्या कृषी खात्यात हे संकर करायला घेतले. थंडी सोसणारं गोड संत्रं हवं होतं, झाडं काटक निघाली पण फळ कडूजहर, म्हणून शेवटी खुंटालाच कामी आली.
यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे ते पान. संत्रावर्गात एकाच बीतून दोन-तीन रोपं येतात आणि बरीचशी आईची हुबेहूब नक्कल असतात, मग खरा संकर ओळखायचा कसा? तर संत्र्याच्या झाडावरच्या फुलाला तीनपानी बापाचा पराग लावायचा आणि रोपांत तीन दळं दिसली की तो संकर, कारण ते पान पहिल्याच पिढीत उतरतं.

प्रेअरीवरून:
मी मूळची बडोद्याची, आता कॅनडात. इथे सफरचंदाचं तसंच झालं पण शेवट वेगळा. इथल्या सरकारी प्रायोगिक शेतांचे प्रमुख विल्यम सॉन्डर्स यांनी १८८७ मध्ये सेंट पीटर्सबर्गहून सायबेरियन रानसफरचंदाचं बी मागवलं, फळ वाटाण्यापेक्षा थोडंच मोठं पण झाड उणे ४० सोसणारं, त्याचा चांगल्या सफरचंदांशी संकर केला. पहिल्या पिढीची फळं बारीकच आली, मग त्या पोरांचा परत मोठ्या सफरचंदाशी संकर, तेव्हा कुठे आकार आला. दर फेरीला गोडी वाढते आणि रानाचं रक्त निम्मं होतं, म्हणून प्रत्येक पिढी उघड्यावर हिवाळ्यात ठेवून मरतील ती मरू द्यायची, उरतील त्यांतूनच निवडायचं. यात माणसाची उमर जाते.

खुंट_आणि_डोळा:
अगदी बरोबर, फक्त ग्वाल्हेरचा त्रास जरा निराळा आहे. उणे ४० सोसणाऱ्या झाडाला सलग थंडी लागते, आपल्याकडे दिवसा ऊन आणि रात्री पाला, झाड धड झोपतच नाही आणि कोवळी फूट मार खाते. काकू, कलमाच्या गाठीच्या वर नखाने साल खरवडून बघा. खाली हिरवं दिसलं तर किन्नू जिवंत आहे, मग तीनपानी फुटवा काढून टाका. तपकिरी असेल तर त्यातला एक जोमदार फुटवा वाढवा आणि पेन्सिलीएवढा जाड झाला की त्यावर किन्नूचा डोळा (सालीसकट काढलेली कळी) भरून घ्या. पुढच्या हिवाळ्यात पाल्याच्या अंदाजाला संध्याकाळी पाणी द्या, बारदान टाका, आणि पावसाळ्यानंतर युरिया अजिबात नको.

लष्करची_काकू:
आत्ताच खरवडून आले. गाठीच्या वर चार बोटं हिरवं आहे, त्याच्या वर सगळं तपकिरी. फुटवा काढला, पण फेकवेना, कुंडीत खोचलाय. लागेल का हो तो?