1997 ची मारुती 800: खंबाटकीत काटा वर गेला, गॅरेजवाला म्हणतो इंजिन बांधा

अनघा_सिंहगडरोड
नमस्कार. बाबांची 1997 ची मारुती 800 आहे, कार्ब्युरेटरवाली, चार गिअरची. 1 लाख 18 हजार किलोमीटर झालेत. बाबा गेल्या वर्षी गेले, तेव्हापासून मीच चालवते.

मागच्या रविवारी आईला घेऊन वाईला निघाले होते. खंबाटकीच्या चढावर अचानक पिकअप गेला, तापमानाचा काटा लाल रेषेला टेकला. गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडलं तर पाणी उकळून बाहेर येत होतं आणि पंखा बंद. तासभर थांबलो, पाणी भरलं, घाट उतरून पलीकडून बोगद्यातून परत आलो. तेव्हापासून रोज सकाळी पहिला मिनिटभर मिसिंग होतं (इंजिन अडखळतं), पांढरा धूर येतो, मग ठीक चालते. दोन दिवसांत कपभर पाणी कमी होतं. स्लोवर गाडी थरथरते, पण ती आधीही थरथरायची.

गॅरेजवाल्याने आवाज ऐकूनच सांगितलं: पिस्टनच्या रिंगा गेल्या, बोअर करून (सिलिंडर आतून कापून) फुल इंजिन काम, 38 हजार. नाहीतर भंगारात द्या. एवढ्या किलोमीटरला हे इंजिन संपतं का? बाबा डॅशबोर्डच्या खणात वही ठेवायचे, पेट्रोल, ऑइल, सगळं तारखेनिशी लिहिलंय. ही गाडी सोडायची माझी इच्छा नाही.

निखिल_वारजे
ताई, भावना समजतात, पण कागद 2027 ला संपणार, पुन्हा पासिंग, पर्यावरण कर. 38 हजारांत भर घालून चांगली वापरलेली अल्टो मिळेल. आईला घेऊन घाटात जाणार असाल तर विचार करा.

जुना_फिटर_शुक्रवारपेठ
अनघाताई, फुल इंजिन कामाला अजिबात हो म्हणू नका. मी 31 वर्षं गॅरेज चालवलं, या इंजिनाची किती हेडं (सिलिंडरवरची झाकणं) उतरवली त्याची मोजदाद नाही. तुम्ही लिहिलेलं एकही लक्षण रिंगांचं नाही.

रिंगा गेल्या की धूर निळसर येतो, तो मिनिटात थांबत नाही, आणि ऑइल कमी होतं. तुमचं पाणी कमी होतंय. रात्री गाडी उभी असताना ते हेड गॅसकेटमधून, म्हणजे हेड आणि ब्लॉकमधल्या पातळ पत्र्यातून, सिलिंडरमध्ये झिरपतं, सकाळी प्लग ओला, म्हणून मिसिंग. पाण्याची वाफ झाली की पांढरा धूर, आणि मग गाडी सुरळीत.

हे एफ8बी इंजिन. 796 सीसी, तीन सिलिंडर, 68.5 मिमी बोअर, 72 मिमी स्ट्रोक, प्रत्येक सिलिंडरला दोनच व्हॉल्व्ह, वर एक कॅमशाफ्ट आणि तो फिरवणारा टायमिंग बेल्ट. 1983 च्या पहिल्या गाडीपासून हेच, ऑम्नीतही हेच, म्हणून पुण्याच्या नाना पेठेत आजही याचं सामान मिळतं. ताकद 37 अश्वशक्तीच्या आसपास, पण गाडीच साडेसहाशे किलोची, त्यामुळे इंजिनावर फार ताण येत नाही. ब्लॉक बिडाचा आहे, तो दणकट. हेड अॅल्युमिनियमचं, आणि त्याला उष्णता सोसत नाही. एकदा उकळलं की हेड वाकतं आणि दोन सिलिंडरमधल्या अरुंद पट्टीवर गॅसकेट जळतं. हे इंजिन झिजून मेलेलं मी क्वचित पाहिलं, तापून मेलेली ढिगानं पाहिली.

थरथर राहू द्या. तीन सिलिंडर, क्रँकशाफ्टच्या दर 240 अंशांना एक स्फोट, तोल सांभाळणारा वेगळा शाफ्ट नाही. फार वाढली तर इंजिनाखालची रबरी माउंटिंग बघा.

आता कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, मोजून घ्या, तेही तुमच्या समोर. तिन्ही प्लग काढायचे, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारायचा. शेजारचे दोन सिलिंडर सारखेच कमी निघाले तर मधलं गॅसकेट. शंका राहिली तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर गॅसकेट किंवा व्हॉल्व्ह. अर्ध्या तासाचं काम आहे.

आणि बाबांच्या वहीत बघा, दोन ऑइल बदलांच्या मध्ये किती टॉपअप लागलं. तुमच्या इंजिनाबद्दल त्या वहीइतकं खरं कोणी सांगणार नाही.

मंजिरी_बाणेर
एक भर घालते. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीला 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल घालताना पाइप आणि पेट्रोल पंपाचा पडदा तपासून घ्या, जुनं रबर त्यात टिकत नाही. शिवाय पेट्रोल आणि हवेचं मिश्रण थोडं पातळ होतं, म्हणजे हवा जास्त पडते. नव्या गाडीत सेन्सर ते सावरून घेतो, कार्ब्युरेटरला ते कळत नाही, म्हणून चढावर इंजिन जास्त तापतं. ट्यूनिंग करताना हे सांगा.

अनघा_सिंहगडरोड
काका, दुसऱ्या गॅरेजमध्ये मोजून घेतलं. पहिला 6 किलो, दुसरा 6, तिसरा 12. ऑइल टाकून पुन्हा मोजलं, आकडे तिथेच.

वही रात्री वाचली. शेवटच्या सहा वर्षांत दोन बदलांच्या मध्ये ऑइलचं टॉपअप एकदाही नाही. पण कूलंटची शेवटची नोंद 2017 ची. त्याच पानावर 'थर्मोस्टॅट खराब, गॅरेजने काढून टाकला' असं लिहिलंय (इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडचं पाणी अडवणारी झडप). पुढे बाबांच्या अक्षरात नुसतं 'पाणी टाकले', 'पाणी टाकले'. शेवटच्या पानांवर अक्षर कापरं झालंय.

जुना_फिटर_शुक्रवारपेठ
मग झालं निदान. रिंगा ठणठणीत आहेत, तुमच्या बाबांनी ऑइल वेळेवर बदललं त्याचं हे फळ.

हेड उतरवून लेथवर फेसिंग, म्हणजे त्याचा तळ घासून सपाट करणं. आधी त्यावर सरळ पट्टी ठेवून 0.05 मिमीचं पातं सरकवून बघायला सांगा, शिरलं तरच फेसिंग, उगाच घासू नका. हेड उतरलंच आहे तर व्हॉल्व्ह ग्राइंडिंग, व्हॉल्व्ह सील आणि टायमिंग बेल्ट उरकून घ्या. हेडचे बोल्ट कसताना मधून बाहेर, टप्प्याटप्प्यानं, टॉर्क रेंचनेच (ठरलेल्या जोरानं कसणारा पाना).

पंख्याचा स्विच नवा टाका, त्या दिवशी पंखा लागलाच नव्हता. थर्मोस्टॅट परत बसवा. तो नसला की इंजिन गरम व्हायला वेळ लागतो, चोक जास्त वेळ ओढावा लागतो, आणि जादाचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन टाकतं. साध्या पाण्याऐवजी कूलंट, निम्मं निम्मं, डिस्टिल्ड पाण्यात. रेडिएटरची कॅपही नवी.

घाटात तिसऱ्यावर रेटू नका, गाडी अडायच्या आधीच दुसरा टाका. वॉटर पंप इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो, फेऱ्या पडल्या की पाणीही मंदावतं. 500 किलोमीटर झाले की गार इंजिनावर टॅपेट सेटिंग (व्हॉल्व्हची फट) करून घ्या, आणि तो आकडा वहीत लिहा.