रायफल विकायला 'माणूस डोळ्यांत बघितला' एवढं पुरतं का?

प्लेनोकर:
परवा शिकारीकाकांनी लिहिलं की टेक्सासात त्यांनी आपली जुनी रायफल पाच मिनिटांत विकली. "ना फॉर्म, ना फी. माणूस डोळ्यांत बघितला की कळतो." वाचून डोकं उठलं, म्हणून वेगळा धागा.

दुकानातून घ्या, तर ४४७३ नंबरचा सरकारी फॉर्म भरा, एफबीआयकडे नाव तपासणीला जाणार. १९९८ पासून हेच चाललंय. तीच बंदूक घरच्या घरी विकलीत की या राज्यात कोणी विचारत नाही. घेणारा अपात्र आहे हे ठाऊक असताना, किंवा तसा संशय यावा असं काही दिसत असताना विकायची नाही, एवढंच. पण विचारलंच नाही तर ठाऊक होणार कुठून?

मिडलंड-ओडेसा विसरलात? इथल्याच टेक्सासातला गोळीबार, ऑगस्ट २०१९, सात माणसं गेली. मारणाऱ्याला २०१४ मध्ये तपासणीत नकार मिळाला होता. मग त्याने रायफल खाजगीत घेतली. विकणाऱ्याला पुढे दोन वर्षांची कैद झाली, पण ती विनापरवाना धंदा केला म्हणून. तपासणी न करणं हा गुन्हाच नव्हता. त्यानेही डोळ्यांत बघितलंच असेल की.

शिकारीकाका:
अर्धं वाचून अख्खं लिहायची खोड जात नाही तुमची. मी टेक्सासचं ड्रायव्हिंग लायसन्स बघितलं, एलटीसी कार्ड, म्हणजे बंदूक सोबत बाळगायचा परवाना, बघितला, कागदावर दोघांच्या सह्या घेतल्या. कायद्याने यातलं काहीच मागितलेलं नाही.

आणि तुमची ती तपासणी! व्हर्जिनिया टेक विद्यापीठातला गोळीबार, २००७: ३२ जण गेले, त्यात आपल्या मुंबईची एक मुलगी. दोन्ही पिस्तुलं रीतसर तपासणी होऊन घेतलेली. सदरलँड स्प्रिंग्जच्या चर्चमधला गोळीबार, २०१७: मारणारा पूर्वी हवाई दलात, त्याच्या शिक्षेची नोंद दलाने पुढे कळवलीच नाही, दुकानदाराला हिरवा कंदील. चाळणीला भोकं आहेत ती आधी बुजवा, मग माझ्या गॅरेजात या.

अर्धाएच१बी:
काका, एक प्रश्न. एच-१बी वर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असताना बंदूक बाळगणं हाच फेडरल गुन्हा आहे. शिकारीचा परवाना वगैरे असला तर सूट. माझ्या रूममेटला हे माहीतच नव्हतं. घर बदलणाऱ्या एका गोऱ्याकडून त्याने पिस्तूल घेतलं, जुना मायक्रोवेव्ह घ्यावा तसं, डिकीत टाकून आणलं. ग्रीन कार्डाच्या कामासाठी वकिलाकडे गेला तेव्हा कळलं, आणि चार रात्री झोपला नाही. दुकानात ४४७३ वर हा प्रश्न छापलेला असतो, तिथेच अडला असता. विकणारा गोरा सज्जनच होता हो, पण त्याला बिचाऱ्याला व्हिसा म्हणजे क्रेडिट कार्ड.

शिकारीकाका:
रूममेटने वाचायला हवं होतं. अडाणीपणाला कायदा काय करणार?

कुडाळची_माई:
तुमची अमेरिका राहू दे बाजूला. जास्त कायदा म्हणजे काय ते आम्हाला विचारा. आमच्या बाबांची एकनळी, शेती संरक्षणाचा परवाना. निवडणूक लागली की ठाण्यात जमा. २०१९ ला विधानसभेचं मतदान २१ ऑक्टोबरला, म्हणजे भात पिकून पिवळं झालेलं आणि बंदूक ठाण्यात! डुकरांना आचारसंहिता कोणी सांगायची? बाबा रात्रभर पत्र्याचा डबा बडवत बसायचे. बंदूक परत आली तेव्हा नळीला गंज आणि दस्त्याला चीर. लाकूड त्यांनी स्वतः तेल लावून लावून काळं केलं होतं.

नियमावली:
माई, सरसकट जमा करायचीच नसते. छाननी समिती असते, ज्याच्याकडून धोका वाटतो त्याचीच घ्यायची.

कुडाळची_माई:
समिती कागदावर. ठाण्यातून फोन येतो, "उद्या आणून ठेवा." सत्तरीच्या म्हाताऱ्याने तुमची नियमावली घेऊन जायचं का तिथे?

मराठवाडी:
निदान परवाना तरी मिळाला! आमच्याकडे हरभरा डुकरांनी लोळवला, सोयाबीन हरणांनी खाल्लं, आणि माझा अर्ज तीन वर्षं पडून. वर पंचनाम्याला माणूस येतो तो डुक्कर जाऊन आठवडा झाल्यावर.

कुडाळची_माई:
डुकरांचं जाऊ दे, माकडांना तर मारताही येत नाही. नारळाचं एक कोवळं फळ हाताला लागेल तर शपथ.

प्लेनोकर:
माई, दुःख कळतं, पण धागा खाजगी विक्रीचा आहे.

कुडाळची_माई:
मग मी कशाबद्दल बोलतेय, लोणच्याबद्दल?

नियमावली:
विक्रीबद्दलच सांगतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम ५. परवानाधारकाला आपली बंदूक दुसऱ्या पात्र माणसाला विकता येते. पण आधी जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवायचं, घेणाऱ्याच्या नावपत्त्यासकट, आणि ४५ दिवस थांबायचं. काकांची पाच मिनिटं आणि आपले ४५ दिवस.

शिकारीकाका:
आणि एवढं करून बिहारात कट्टे मिळतातच ना? झालं तर मग.

प्लेनोकर:
कुलूप फुटतं म्हणून तुम्ही दार उघडं टाकून झोपता का हो? कॅलिफोर्नियात १९९१ पासून खाजगी विक्रीसुद्धा दुकानदारामार्फत होते. कोणाचं स्वातंत्र्य बुडालं?

शिकारीकाका:
कॅलिफोर्नियाचं नाव काढलंत, आता बोलणंच खुंटलं.

अर्धाएच१बी:
काका, साधं सांगा. तुम्हाला स्वतःला एफबीआयकडून घेणाऱ्याचं नाव तपासून घ्यायचं असेल तर घेता येतं?

शिकारीकाका:
नाही. ती सोय फक्त परवाना असलेल्या दुकानदाराला. हा मूर्खपणा आहे, मान्य. मला फोन करू द्या, मी आनंदाने करीन. तोवर पुढची रायफल दुकानातून देईन, फी प्लेनोकरांनी पाठवावी. रोख चालेल.

प्लेनोकर:
पाठवतो. पावती ठेवा.

मराठवाडी:
माई, बाबांची एकनळी आता कोणाकडे असते?

कुडाळची_माई:
बाबा गेले दोन वर्षांपूर्वी. बंदूक ठाण्यात जमा केली, ती तिथेच. भावाचा वारसाचा अर्ज दिलाय. मागच्या महिन्यात साहेब बदलले, परत झेरॉक्स मागितल्या.