मदत हवी आहे: कुष्ठरोगाच्या चट्ट्यातून मायक्रो-आरएनए-२१ मोजायचा आहे

नमस्कार मंडळी,

मी फोंड्याची, एमएस्सी जैवतंत्रज्ञानाच्या शेवटच्या वर्षाला. प्रकल्पाला कुष्ठरोगातले नॉन-कोडिंग आरएनए (ज्यांच्यापासून प्रथिन बनत नाही असे) घेतले आहेत, आणि ते आईमुळे.

आई देवाला रोज अबोलीचा वळेसर करायची. दोन वर्षांपूर्वी केळीच्या दोराची गाठ तिच्या करंगळीला आणि शेजारच्या बोटाला कळेनाशी झाली. अंगावर सहा-सात फिकट चट्टे होते. डॉक्टरांनी गजकर्ण म्हणून मलम दिलं, ते वर्षभर लावलं. चट्ट्यावर कापूस फिरवून स्पर्श कळतो का, हे कुणी पाहिलंच नाही. पुढे निदान झालं, रिफाम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफाझिमिनचा १२ महिन्यांचा कोर्स तिने एकही गोळी न चुकवता पुरा केला. रोग गेला, बोटं मात्र वाकडीच राहिली. ते गेलेलं वर्ष माझ्या डोक्यातून जात नाही.

आता मुद्दा. २०१२ च्या एका संशोधनात लेप्रोमॅटस (जंतू भरपूर असलेल्या, पसरणाऱ्या प्रकारच्या) चट्ट्यांत मायक्रो-आरएनए-२१ हा ट्युबरक्युलॉइडपेक्षा (जंतू कमी असलेल्या, मर्यादित प्रकारापेक्षा) जास्त आढळला. त्याच्यापासून प्रथिन बनत नाही, पण तो सीवायपी२७बी१ हे विकर आणि इंटरल्युकिन-१ बीटा (दाह चेतवणारं प्रथिन) यांना खाली आणतो. हेच विकर ड जीवनसत्त्वाला सक्रिय रूप देतं. ते दबलं की कॅथेलिसिडिनसारखी जंतू मारणारी पेप्टाइडं बनत नाहीत. संसर्ग झालेल्या पेशींत हा आरएनए गप्प केल्यावर त्यांची मारकशक्ती परत आली. आई विचारते, "उन्हात बसले असते तर झालं नसतं का गं?" विकरच दबलेलं असेल तर नुसतं ऊन कुठवर पुरणार, हे तिला समजावताना माझाच गळा दाटतो.

माझी अडचण नमुन्यांची आहे. हा जंतू प्रयोगशाळेच्या माध्यमात वाढतच नाही, म्हणून रुग्णाच्या त्वचेशिवाय गत्यंतर नाही. स्मिअरसाठी (काचपट्टीवर जंतू तपासायला) कानाच्या पाळीला छेद देऊन जेवढा द्रव खरवडतात, तेवढ्यातून मोजण्याइतका आरएनए निघतो का? की पंच बायोप्सीच (गोल पात्याने काढलेला त्वचेचा छोटा तुकडा) हवी? चेहऱ्यावर चट्टे असलेल्या माणसाकडे बायोप्सी मागायला मला जड जातं.

दुसरं, मायक्रो-आरएनए-२१ कर्करोगात आणि इतर दाहातही वाढतो. मग तुलनेला नुसती निरोगी त्वचा घेऊन भागेल, की सोरायसिसचे नमुनेही घ्यावेत?

आणि पावसात आमच्याकडे वीज सारखी जाते. फ्रीझरच्या भरवशावर न राहता नमुना आरएनए-लेटरमध्ये (आरएनए टिकवणाऱ्या द्रवात) ठेवून नेलेला चालेल ना?

ज्यांनी त्वचेचे नमुने स्वतः हाताळले आहेत, त्यांनी कृपया लिहा. सोमवारी गाईडना आराखडा द्यायचा आहे.