ट्रायम्फ टीआर६: डिफरन्शियलच्या पिनांभोवती तडे, चॅसिसला मजबुती कशी द्यावी?

शिवडीकर
गाडी १९७२ ची, ब्रिटिश स्पोर्ट्स कार. बॉडी उतरवली आहे, चॅसिस (गाडीचा लोखंडी सांगाडा) टेकूच्या घोड्यांवर आहे. क्लच सोडला की मागून ‘टक’ आवाज यायचा, रंग खरवडल्यावर कारण दिसलं. डिफरन्शियल (मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी गिअरपेटी) ज्या चार पिनांवर टांगलेलं असतं, त्यातल्या पुढच्या उजव्या पिनेभोवती पत्रा फाटलाय, डावीकडे केसाएवढी चीर आहे. ट्रेलिंग आर्मजवळचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याजवळचा) चॅसिसचा बॉक्स खालून कुजलाय. डेंटर म्हणतो, सगळ्या चॅसिसवर ५ मिमीची पट्टी मारू आणि मग हॉट डिप गॅल्व्हनाइझ करू, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवू. करावं का?

लोखंडे_परळ
दोन्ही नको. आधी पिन का फाटते ते पाहा. गाडी जोर घेते तेव्हा डिफरन्शियलचं नाक वर उचलायला बघतं, आणि तो झटका पुढच्या दोन पिनांवर येतो. पिन पातळ पत्र्याला एकाच बाजूने वेल्ड केलेली असते, म्हणून पत्रा तिच्याभोवती थकून फाटतो. उजवी बहुधा आधी जाते. दुरुस्ती तिथे हवी. चॅसिसच्या लांब सरळ बाजूंवर ५ मिमी चढवलंत तर वजन वाढेल आणि पट्टी जिथे संपते तिथे नवा तडा जाईल.

वेल्डिंगआधी मापं घ्या. चॅसिस पाण्याच्या लेव्हल पाइपने समतल करा. सस्पेन्शनच्या प्रत्येक भोकातून ओळंबा सोडून जमिनीवर खूण करा आणि कर्ण मोजा. दोन कर्णांत ३ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर आधी चॅसिस सरळ करून घ्या. वाकडं वेल्ड झालं की ते कायमचं.

मग डिफरन्शियलचं रिकामं केसिंग (बाहेरचं कवच) चारही पिनांवर नटांनी आवळा. तोच तुमचा साचा. हे केलं नाही तर गरम होऊन पिन २ मिमी सरकते आणि शेवटी केसिंग बसतच नाही. चिरेच्या टोकाला ३ मिमीचं भोक पाडा, नाहीतर वेल्डखालून चीर पुढे पळते. चीर ग्राइंडरने व्ही आकारात उघडून भरा. त्यावर ३ मिमीचा माइल्ड स्टीलचा तुकडा, पिनेसाठी भोक पाडून, ब्रॅकेटच्या तळाला आणि दोन्ही बाजूंना वळवून पेटीसारखा बसवा. कोपरे गोल ठेवा. डाव्या पिनेलाही हेच करा, चीर बारीक असली तरी.

वेल्डिंग मिगनेच (गॅसच्या आवरणात सतत वायर सोडणारं मशीन), ०.८ मिमी वायर, आर्गॉन-सीओटू मिश्रण. एका वेळी २५ मिमी, मग दुसऱ्या बाजूला जा. आर्क जाड पट्टीवर रोखा, पातळ पत्र्यावर रोखलीत तर भोक पडेल. रबर बुश पुन्हा बसवण्याआधी वेल्डला डाय पेनेट्रंट (बारीक चिरा दाखवणारा लाल रंग) मारून बघा. लाल रेघ उमटली तर परत उघडा.

दादर_डेंटर
कुजलेल्या बॉक्सवर पट्टी चिकटवू नका. वरून पत्रा झाकला की गंज आतून खातच राहतो. चकचकीत धातू लागेपर्यंत कापा आणि मूळ जाडीचाच तुकडा बसवा. जाडी कॅलिपरने चांगल्या भागात मोजा. ट्रेलिंग आर्मचे ब्रॅकेट बोल्टने लावून ठेवा, मगच टॅक (वेल्डचे छोटे ठिपके) मारा, नाहीतर चाकाचा टो, म्हणजे आत-बाहेर वळलेला कोन, बिघडतो.

गॅल्व्हनाइझिंगची टाकी सुमारे ४५० अंशांची असते. चॅसिसच्या बंद पेट्यांना हवा सुटायला भोकं नसतील तर स्फोटाचा धोका असतो, आणि लांब पत्र्याला पीळही बसतो. त्याआधी दिलेलं ॲसिड सांध्यांत अडकून राहतं ते वेगळंच. त्यापेक्षा सँडब्लास्टिंग, इपॉक्सी प्रायमर, मग टू-के (हार्डनर मिसळायचा) रंग. मुंबईच्या दमट हवेत ब्लास्ट केलेलं लोखंड काही तासांत लालसर पडतं, म्हणून प्रायमर त्याच दिवशी. जून ते सप्टेंबर ब्लास्टिंग करूच नका. पेट्यांच्या आतली वाळू एअर गनने पूर्ण काढा, शेवटी लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स (पोकळीतला गंजरोधक मेण). पाणी निचरायची भोकं रंगाने बुजली नाहीत ना, ते तारेने तपासा.

शिवडीकर
३ मिमी पट्टीसाठी दारूखान्यातला (मुंबईत जुनी जहाजं मोडतात तिथला) जहाजाचा पत्रा चालेल का?

लोखंडे_परळ
नको. त्याचा ग्रेड कळत नाही आणि जुना रंग वेल्डमध्ये धूर सोडतो. कळंबोलीच्या लोखंड बाजारातून नवीन माइल्ड स्टील घ्या, तुम्हाला लागेल जेमतेम हातभर. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, सैल न होणारे) आणि वॉशर नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात मिळतील, जुने परत वापरू नका.

आरटीओ_वाचक
गाडी ५० वर्षांपुढची आहे. २०२१ च्या विंटेज नोंदणीच्या नियमात चॅसिस मूळ स्वरूपात असण्याची अट आहे. म्हणून कापण्याआधीचे आणि नंतरचे फोटो मोजपट्टी ठेवून काढा, म्हणजे दुरुस्ती आहे, बदल नाही, हे दाखवता येईल. चॅसिस नंबरच्या पट्टीवर आणि ठोकलेल्या आकड्यांवर ब्लास्टिंगआधी जाड टेप लावा.