नोकरीपूर्वी सिकलसेलची तपासणी

प्रश्न (किनवट): वाळूजच्या एका कारखान्याने माझ्या भाच्याकडे रुजू होण्यापूर्वी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीचा अहवाल मागितला आहे. तो केवळ वाहक आहे (सदोष जनुक एकाच पालकाकडून आलेला), रुग्ण नाही. अहवाल द्यावा का?

उत्तर (नांदेड): वाहकाला सहसा त्रास नसतो, कडक उष्णतेत अतिश्रम असतील तर पाणी आणि विश्रांतीची सोय लागते, पण ती तर भट्टीजवळच्या प्रत्येकालाच हवी, त्यासाठी उमेदवार गाळणे हा मला सरळ अन्याय वाटतो.

उत्तर (लातूर): अमेरिकेत २००८ च्या कायद्याने जनुकीय माहितीवरून नोकरी नाकारण्यास मनाई आहे. आपल्याकडे नोकरीसाठी एचआयव्ही तपासणीची अट २०१७ च्या कायद्याने निषिद्ध ठरवली, जनुकीय तपासणीबाबत मात्र तसा स्वतंत्र कायदा नाही. तपासणीचे कारण लेखी मागावे.

उत्तर (परभणी): शिवाय हा अहवाल भावंडांविषयीही सांगतो, त्यांची संमती कोणी घेतली?