टिनाच्या गोडाऊनमध्ये रॉक ड्रम, माइक फक्त दोन: पायाने वाजणारी किक हरवते, काय करावं?

कापूसपट्टी (आर्वी तालुका):
जिनिंगचं रिकामं गोडाऊन मिळालंय, 60 बाय 30 फूट, विटांच्या भिंती, वर टिन. दोन कंडेन्सर माइक, माइक लॅपटॉपला जोडायचा दोन इनपुटचा इंटरफेस. लेड झेपेलिन या रॉक बँडच्या 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'सारखे भारदस्त ड्रम पाहिजेत. पण स्नेअर (काठीने वाजवायचा कडक आवाजाचा ड्रम) वाजला की मागून 'टर्रर्र' येतं अन् किक दबते. गाणं 140 बीपीएमचं (मिनिटाला 140 मात्रा) आहे.

ठेकाघर:
भाऊ, 140 लाच गोम आहे. 1971 च्या त्या अल्बमसाठी हेडली ग्रेंज नावाच्या घरात उंच जिन्याखाली ड्रम मांडले होते. इंजिनिअर अँडी जॉन्सने वरून बायरडायनॅमिकचे दोन एम160 रिबन माइक सोडले, मग कॉम्प्रेशन (मोठा आवाज दाबून लहान-मोठ्यातला फरक कमी करणं) आणि बिन्सन कंपनीच्या यंत्राचा इको. घुमारा प्रचंड, पण ठेका संथ. 72 बीपीएमला एका मात्रेला 0.83 सेकंद मिळतात, 140 ला 0.43. घुमाऱ्याचं शेपूट विरायच्या आत पुढचा ठोका पडतो अन् सगळा चिखल होतो.

दुसरं म्हणजे वाजवणारा. दोनच माइक असले की बॅलन्स हातापायांतच करावा लागतो: किक जोरात, झांजा हलक्या. झेपेलिनचा ड्रमर जॉन बॉनहॅमच्या ठेक्यात ते ऐकू येतं. नंतर मिक्समध्ये झांज कमी करायला गेलात की स्नेअरही जातो.

मिक्सवाला:
'टर्रर्र' समोरासमोरच्या भिंतींचा आहे. टाळ्या वाजवत फिरा, जिथे सगळ्यात जास्त येईल तिथे एका भिंतीवर कापसाच्या गाद्या टांगा, मागे चार इंच पोकळी ठेवून. ताडपत्री नको, ती आवाज शोषत नाही. माइक आधी 10 फुटांवर लावा, आणखी मागे नेले की किक अजून दबेल. दोन्ही माइक स्नेअरपासून सुतळीने मोजून सारख्या अंतरावर, नाहीतर फेज (दोन माइकच्या ध्वनिलहरींचा मेळ) बिघडून स्नेअर पोकळ वाजतो. रेकॉर्डिंगची सगळ्यात मोठी पातळी (पीक) -10 डीबी. कॉम्प्रेसर 4:1 (दाबायचं प्रमाण), अटॅक (दाबायला लागणारा वेळ) 30 मिलिसेकंद, रिलीज (सोडायला लागणारा वेळ) 150 च्या आसपास. अटॅक शून्यावर नेला की ठोक्याचं टोकच मरतं.

कापूसपट्टी:
दुपारी टिन कडकड करते, तेही येऊन राहिलं.

मिक्सवाला:
तापताना टिन प्रसरण पावते, संध्याकाळी आकसतानाही वाजते. पहाटेच घ्या. लॅपटॉप बॅटरीवर चालवा, चार्जरमुळे कधी कधी 50 हर्ट्झची गुणगुण येते. अन् कोपऱ्यात सरकी-कापूस पडला असेल तर हॅलोजन लावू नका, एलईडी लावा.