नुसतं वाण नाही, नुसता फवारा पण नाही
बटाट्याच्या करप्यावरून, म्हणजे पानं काळी पाडणाऱ्या बुरशीच्या रोगावरून, दोघांची जुंपलीय, एक म्हणतो करप्याला न जुमानणारं वाण लावा आणि औषध बंद करा, दुसरा म्हणतो आठ दिवसाला पंप पाठीवर घेतल्याशिवाय बटाटा हाती लागत नाही. मला दोन्ही पटत नाही. कुफरी ज्योती या बटाट्याच्या वाणाचंच बघा ना, १९६८ ला आली तेव्हा करप्याला दाद देत नव्हती, पण बुरशी काय गप्प बसते का, तिनं वाट काढलीच आणि आता पुणे जिल्ह्यातल्या सातगाव पठारावर दोन-तीन दिवस झिमझिम आणि धुकं राहिलं की सकाळी ज्योतीचं पान उलटून बघायचं, काळपट डागाच्या कडेला पांढरी लव दिसली की समजा करपा आलाच.

हॉलंडमधे वागेनिंगेन विद्यापीठाच्या लोकांनी २००६ ते २०१५ यावर काम केलं. जंगली बटाट्यांमधली प्रतिकाराची जनुकं एकावर एक रचली, म्हणजे बुरशीला एकाच वेळी दोन-तीन कुलपं तोडावी लागतात, एकच असलं की लवकर तोडते. आणि तरी फवारणी पूर्ण बंद नाही केली हां! हवामान बघून, खरंच धोका असेल तेव्हाच मारायची, त्यात ८० टक्क्यांच्या आसपास औषध वाचलं. तिकडे एरवी हंगामात १०-१५ फवारण्या होतात, त्यामुळे वाचायला जागा पण होती म्हणा.

ही थोडी फवारणी वाणाच्या राखणीसाठी असते, एखादी बुरशी कुलूप तोडून आत आली तर तिथेच मरावी म्हणून. आणि मॅन्कोझेब हे बुरशीनाशक डाग पडल्यावर मारून उपयोग नाही, ते डाग पडायच्या आधी मारायचं औषध आहे. आमच्याकडे नेमकं उलटं चालतं, डाग दिसला की दुकानात पळायचं.